लॉर्ड्स बाहेरून दिसत नाही

लंडनच्या ग्रुप टूरच्या कागदावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी "लॉर्ड्स क्रिकेट ग्राउंड" असं छापलेलं असतं. नागपुरातल्या बर्डीच्या ऑफिसात टेबलापलीकडून मानही डोलावली जाते: हो हो, लॉर्ड्स आहे ना. त्याचा अर्थ असा की बस सेंट जॉन्स वूड रोडवर हळू होते आणि नशीब असेल तर दहा मिनिटं उतरू देतात. ग्रेस गेटच्या लोखंडी नक्षीसमोर चाळीस जणांचे फोटो होतात आणि बस पुढे जाते. गेट चांगलं आहे, 1923 चं आहे, इंग्लंडचा जुना महान क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस याच्या नावाचं आहे. पण फोटोत येतं ते गेट आणि विटांची भिंत. लॉर्ड्स बाहेरून दिसत नाही. वर डोकावणारी स्टँडची टोकं आणि फ्लडलाइट सोडले तर काहीही नाही. बाहेरून पाहण्यासाठी या मैदानावर एक मिनिटही घालवू नये, हा पहिला निकाल.

पैसे भरण्याआधी कागदावर हे शब्द शोधा: "फोटो स्टॉप", "पॅनोरॅमिक", "ओरिएंटेशन", "ड्राइव्ह पास्ट". यातला एकही शब्द असेल तर आत जाणं नाही. साधं "व्हिजिट" लिहिलं असेल तरी विश्वास ठेवू नका. "गाइडेड टूरचं तिकीट समाविष्ट" एवढे शब्द ईमेलवर लिहून मागा. फोनवर मिळालेल्या "हो"ची किंमत शून्य. बहुतेक वेळा उत्तर येतं की ते तुम्ही तुमचं करा. हरकत नाही, तेच बरं पडतं.

कारण ग्रुपच्या वेळापत्रकात एक फट असतेच, मादाम तुसाँ. मेणाचे पुतळे असलेली ती इमारत बेकर स्ट्रीट स्टेशनला लागून आहे आणि बेकर स्ट्रीटनंतर ट्यूबच्या (भुयारी रेल्वेच्या) ज्युबिली लाइनचं पुढचंच स्टेशन सेंट जॉन्स वूड. ज्याला पुतळ्यांपेक्षा लॉर्ड्स हवं आहे त्याने तिथे ग्रुप सोडायचा. पॅकेजमधले तुसाँचे पैसे परत मिळणार नाहीत, ते विसरा. टूर मॅनेजरला निदान आदल्या रात्री मेसेजवर कळवा. ऐनवेळी सांगितलं तर तो नाहीच म्हणतो, आणि त्याचंही बरोबर असतं.

वेळेचा हिशेब नीट करा, इथेच घोळ होतो. बेकर स्ट्रीट स्टेशन मोठं आणि गोंधळाचं आहे, बऱ्याच लाइन एकत्र येतात. बोर्डवर करडा रंग आणि "स्टॅनमोअर" दिशा पाहून फलाटावर जायला पाच-सात मिनिटं, गाडीत तीन, सेंट जॉन्स वूडहून चालत दहा-बारा, पंधरा मिनिटं आधी पोहोचायचं, शंभर मिनिटांच्या आसपास टूर, मग परत. पावणेतीन तास धरा. तुसाँसाठी ग्रुपला साधारण दोनच तास देतात. म्हणून परत बेकर स्ट्रीटला येऊ नका, ग्रुपला लंडन आय या मोठ्या चाकापाशी गाठा. त्याच ज्युबिली लाइनवर उलट्या दिशेने, "स्ट्रॅटफर्ड"च्या गाडीने, न बदलता वॉटर्लू. तिथून चाक पायी पाच-सात मिनिटांवर. दुपारच्या स्लॉटमागे ग्रुपची बस थांबणार नाही, म्हणून सकाळचाच घ्या.

सेंट जॉन्स वूडला वर आल्यावर वेलिंग्टन रोडने दक्षिणेकडे निघा, मैदान उजव्या हाताला लागतं. इथे फसायला होतं. पहिलं गेट दिसलं की लोक तिथेच उभे राहतात. मैदानाला अनेक गेट आहेत आणि एका गेटवरून दुसऱ्यापर्यंत भिंतीच्या कडेने जायला सहज दहा मिनिटं जातात. तिकिटाच्या ईमेलमध्ये कोणतं गेट लिहिलंय ते स्टेशनवरच वाचा. ग्रेस गेट असेल तर वेलिंग्टन रोड संपेपर्यंत खाली जाऊन उजवीकडे सेंट जॉन्स वूड रोडला वळायचं. टूर ठरलेल्या वेळी सुटते. उशीर झाला तर विनंती करून बघा, पण त्या भरवशावर जाऊ नका.

तारखांचा प्रश्न विदर्भवाल्यांना जास्त बोचतो. आपल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्यामुळे इथली कुटुंबं मे-जूनमध्येच निघतात, आणि लॉर्ड्सचा मोसमही नेमका तोच. मोठ्या सामन्याच्या दिवशी आणि त्याच्या तयारीच्या दिवसांत टूर नसते. आधी मैदानाच्या अधिकृत वेबसाइटवर टूरच्या तारखा पाहा, मग विमानाचं बघा. विमान मुंबई, दिल्ली की दोहामार्गे, त्याने या कामात काही फरक पडत नाही.

आता पैसे. मोठ्यांचं तिकीट तीस पौंडांच्या आसपास असतं. अधिकृत वेबसाइटवरूनच काढा. इतर साइटवर तेच तिकीट "रांग टाळा" म्हणून जास्त दराने विकतात. टाळायला तिथे रांगच नसते, टूर वेळेच्या स्लॉटने चालते.

पण खरी लूट कार्डाच्या मशीनवर होते. दुकानात, हॉटेलात, एटीएमवर मशीन विचारतं: पौंडात की रुपयांत? रुपये बघून आपल्या माणसाला बरं वाटतं आणि बोट तिकडे जातं. कधीच नाही. रुपये निवडले की दर तुमची बँक ठरवत नाही, मशीनवाला ठरवतो आणि त्यात आपला नफा घालतो. समजा पौंड 115 रुपयांचा आहे आणि चार तिकिटांचे 120 पौंड झाले. म्हणजे 13,800 रुपये. पौंडात दिले आणि कार्डाचं परकीय चलन शुल्क साडेतीन टक्के असलं तर 483 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 87, एकूण 14,370. तेच रुपयांत दिले आणि मशीनने सहा टक्के चढवले तर 14,628. वर काही बँका परदेशात रुपयांत व्यवहार केल्याचं वेगळं शुल्क लावतात. एका व्यवहाराचे अडीच-तीनशे किरकोळ वाटतात, पण आठवडाभर हॉटेल, जेवण आणि खरेदी असंच केलं तर मोठी रक्कम होते. काउंटरवरच्या माणसाने न विचारता रुपये दाबले तर सही करू नका. व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा, तो हक्क तुमचा आहे.

निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये दोन बटणं चालू करा, आंतरराष्ट्रीय वापर आणि टॅप करून पैसे देणं. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी वापर मुळात बंदच असतो. दुसरं बटण राहून जातं आणि ट्यूबच्या फाटकावर माणूस अडकतो. तिथे तिकीट काढायची गरज नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड टेकवून आत जायचं आणि उतरल्यावर तेच टेकवून बाहेर पडायचं. "तेच" म्हणजे अगदी तेच. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना फोनमधलं तेच कार्ड टेकवलंत तर मशीनच्या लेखी ती दोन वेगळी कार्डं, आणि दोन्हींवर जास्तीत जास्त भाडं लागतं. एका कार्डावर नवरा-बायको दोघं जाऊ शकत नाहीत, प्रत्येकाला स्वतःचं कार्ड हवं. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत ट्यूबमध्ये फुकट. यूपीआय आणि रुपेचा विचार फाटकाशी करू नका.

विमानतळावरून स्वतःचे येणार असाल तर हीथ्रो एक्स्प्रेसच्या पाट्यांमागे जाऊ नका. ऐनवेळी काढलेलं तिकीट पंचवीस पौंडांच्या घरात आणि सोडते पॅडिंग्टनला, तिथून पुन्हा बदला. पिकॅडिली लाइन त्याच्या साधारण चौथाईत ग्रीन पार्कला आणते, तिथे ज्युबिली मिळते. वेळ जास्त लागतो, एवढंच. सामान बरंच असेल तर एलिझाबेथ लाइनने बाँड स्ट्रीट आणि तिथून ज्युबिली. पैसा आणि वेळ दोन्ही मधले.

आत काय? संग्रहालयात ॲशेसची, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेची, रक्षापेटी आहे. उंची सुमारे 11 सेंटिमीटर. हळदी-कुंकवाच्या करंड्यापेक्षा थोडी मोठी म्हणा, आणि भाजलेल्या मातीची. पहिल्यांदा पाहणारा हमखास म्हणतो, एवढीशी? हो, एवढीशीच. मालिका ऑस्ट्रेलियाने जिंकली तरी ती इथेच राहते. त्याच संग्रहालयात पेंढा भरलेली चिमणी आहे. 1936 मध्ये जहांगीर खानच्या चेंडूने ती मेली. हा तोच जहांगीर खान, जो 1932 च्या लॉर्ड्स कसोटीत भारताकडून खेळला होता. ही जोडणी गाइड सांगेलच असं नाही.

लाँग रूम, समितीची खोली, जिने, मग ड्रेसिंग रूम. 1889-90 चं पॅव्हेलियन आहे, जिने आहेत आणि शंभर मिनिटांतला बराच वेळ उभं राहून जातो. नागपूरच्या फुटाळा तलावाला सकाळी फेरी मारणाऱ्याला काही वाटणार नाही. फोटो कुठे काढायचे नाहीत ते गाइड सांगतो, त्याचं ऐका.

पाहुण्या संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये मात्र घाई करू नका. सगळी टूर या खोलीसाठी आहे. भिंतीवरच्या फळ्यांवर इथे कसोटीत शतक किंवा डावात पाच बळी घेणाऱ्यांची नावं आहेत. आत शिरताच अर्धा घोळका सचिन शोधतो. तो नाही, लॉर्ड्सवरची त्याची कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या 37. सुनील गावसकरही नाही. 1987 मध्ये एमसीसीच्या (लॉर्ड्सच्या मालक क्लबच्या) द्विशताब्दी सामन्यात त्याने इथेच 188 केल्या, पण ती कसोटी नव्हती. विराट कोहली नाही. दिलीप वेंगसरकर मात्र तीनदा आहे, 1979, 1982 आणि 1986. खाली सरकत गेलं की 2002 चा अजित आगरकर, नाबाद 109, आठव्या क्रमांकावरून. मग 2014 ची अजिंक्य रहाणेची 103 आणि त्याच सामन्यातली इशांत शर्माची 7 बाद 74.

नागपूरकराने तिथे आणखी एक नाव शोधावं, आणि ते सापडणार नाही हे आधीच माहीत असावं. सी. के. नायडू. 1895 मध्ये नागपुरात जन्मलेला हा माणूस 25 जून 1932 ला याच पॅव्हेलियनमधून भारताच्या पहिल्या कसोटीचा कर्णधार म्हणून मैदानात उतरला. इंग्लंडची अवस्था सुरुवातीलाच 3 बाद 19 झाली होती. भारताच्या पहिल्या डावातल्या 189 मध्ये सर्वाधिक 40 नायडूंच्या. सामना 158 धावांनी गेला. फळ्यावर चाळीस धावांना जागा नाही. त्या सामन्यातलं एकच भारतीय नाव वर आहे, मोहम्मद निसार, 5 बाद 93. गाइडला नायडूंबद्दल विचारा. आणि बाल्कनीत उभं राहाल तेव्हा तारीख आठवा: 1983 चा विश्वचषकही 25 जूनलाच, 183 विरुद्ध 140. नेटवेस्ट मालिका जिंकल्यावर सौरव गांगुलीने बाल्कनीत फिरवलेला शर्ट 13 जुलै 2002 चा. गाइड तो किस्सा सांगतोच, न विचारता. 2017 च्या महिला विश्वचषकाचा इथलाच अंतिम सामना भारताचा नऊ धावांनी हुकला, त्या संघात आपली मोना मेश्राम होती. तेही विचारल्याशिवाय निघत नाही.

मैदान पाहून नागपूरचं जामठा स्टेडियम आठवेल आणि हे लहान वाटेल. आहेच लहान, सुमारे 31 हजारांचं. जामठ्याला 45 हजारांच्या आसपास बसतात. पण जामठा सपाट आहे आणि हे तिरकं. ग्रँड स्टँडकडून टॅव्हर्न स्टँडकडे जमीन सुमारे अडीच मीटर उतरते. पॅव्हेलियनमधून समोर पाहिलं तर डोळा फसतो, उतार कळतच नाही. दोन्ही सीमारेषांची तुलना होईल अशा जागेवरून पाहा. पॅव्हेलियन एंडकडून टाकलेला चेंडू उतारामुळे उजव्या हाताच्या फलंदाजाला आत येतो, समोरच्या नर्सरी एंडकडून बाहेर जातो. गवतावर पाय ठेवायला मिळत नाही. तिकिटात ते नाही, विनवण्या करू नका.

मीडिया सेंटर, 1999 चं, अल्युमिनियमचं, जहाजं बांधणाऱ्यांनी बनवलेलं. टूरमध्ये उघडं असेल तर पत्रकारांच्या खुर्चीत बसून घ्या, इथून मैदान सगळ्यात चांगलं दिसतं.

दुकान टाळता येईल. "विमानतळावर व्हॅट (विक्रीवरचा कर) परत मिळतो" हे कोणी सांगितलं तर ती जुनी गोष्ट. 1 जानेवारी 2021 पासून पर्यटकांना दुकानातल्या खरेदीवर ती सवलत बंद आहे. टोपी घ्यायची असेल तर छापील किंमत हीच शेवटची किंमत. आणि मशीनवर पौंड.

बीटल्सच्या अल्बमवरची एबी रोडची झेब्रा क्रॉसिंग सेंट जॉन्स वूड स्टेशनहून पाच मिनिटांवर आहे. वेळ उरला तरच. ट्यूबच्या नकाशावर "एबी रोड" नावाचं स्टेशन दिसेल, तिकडे जाऊ नका, ते पूर्व लंडनमध्ये आहे आणि त्याचा या रस्त्याशी काही संबंध नाही.

नागपूरच्या 45 अंशांतून निघणाऱ्याला मे महिन्यातली लंडनची सकाळ बोचते. स्टँडमध्ये वारा लागतो, बाही असलेलं जाकीट हवंच. सकाळच्या स्लॉटला हॉटेलचा नाश्ता भरपेट करून जा. आत खाण्यासाठी थांबत नाहीत. शाकाहाऱ्यांनी भूक राखून ठेवून संध्याकाळी युस्टन स्टेशनमागच्या ड्रमंड स्ट्रीटला जावं. डोसा आणि भेळ मिळते. तर्री पोहे मिळत नाहीत.