रिलीज नोट्स बिल्डमधून आपोआप काढताना: माझा अनुभव

उद्यमबागेतील फाउंड्री आणि मशीन शॉप यांच्या जॉबवर्कची आवक-जावक नोंदवणारे एक ॲप आमचा बेळगावातील लहानसा गट सांभाळतो. नवी आवृत्ती गेली की दुसऱ्या दिवशी एखाद्या सुपरवायझरचा फोन ठरलेला असतो: "साहेब, काय बदललंय तेवढं सांगा की वो." त्यांना द्यायची बदलांची यादी पूर्वी आवृत्ती निघण्याच्या संध्याकाळी कोणीतरी आठवून लिहीत असे आणि निम्मे बदल त्यातून हमखास सुटत. म्हणून हे काम बिल्डवरच, म्हणजे कोडपासून ॲप आपोआप तयार करणाऱ्या प्रक्रियेवरच, सोपवायचे ठरले.

गिट या कोडचे बदल नोंदवणाऱ्या साधनातील कमिट संदेशांना (प्रत्येक नोंदीसोबत लिहिलेल्या ओळीला) 'कन्व्हेन्शनल कमिट्स'चे वळण लावणे, म्हणजे नव्या सोयीसाठी 'फीट' आणि दुरुस्तीसाठी 'फिक्स' असे शब्द आरंभी लिहिणे, हे अवघड जाईल असे वाटले होते. ते आठवडाभरात अंगवळणी पडले. या शब्दांवरून गटवारी करणारे गिट-क्लिफ हे साधनही मुकाट्याने चालले. अडले ते भलत्याच ठिकाणी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझ्या संगणकावर स्क्रिप्ट चालवली की मागच्या टॅगपासूनची (मागच्या आवृत्तीला लावलेल्या खुणेपासूनची) पूर्ण यादी येत असे. तीच स्क्रिप्ट बिल्ड सर्व्हरवर चालली की एकच ओळ येई, आणि तीही शेवटच्या कमिटची. बिल्ड मात्र हिरवागार! काही तुटले असते तर निदान लाल खूण तरी दिसली असती. इथे सगळे व्यवस्थित असल्याचा देखावा होता आणि ती एका ओळीची यादी थेट ग्राहकांपर्यंत पोहोचत होती. मी गिट-क्लिफची मांडणी फाइल उलटीपालटी केली, त्यातले नमुने बदलले, साधनाची आवृत्ती बदलली. यादी हटून एका ओळीचीच राहिली.

कारण साधनात नव्हतेच. वेळ वाचावा म्हणून बिल्ड सेवा रिपॉझिटरीचा (कोडच्या साठ्याचा) सगळा इतिहास उतरवून घेत नाहीत. गिटहब ॲक्शन्समधील कोड उतरवून घेणारी चेकआउटची पायरी मुळात फक्त एक कमिट आणते, तर गिटलॅब नव्या प्रकल्पांसाठी वीस कमिटची मर्यादा ठेवते. संकलनासाठी एवढे पुरते. बदलांच्या यादीला मात्र मागचा टॅग आणि तिथपर्यंतची अखंड साखळी लागते. टॅग सापडत नसल्याची तक्रार गिट करीत होतेच, पण पहिल्या आवृत्तीच्या सोयीसाठी स्क्रिप्टमध्ये 'मागचा टॅग नसल्यास उपलब्ध सगळा इतिहास घ्या' अशी तरतूद होती, आणि त्या सर्व्हरवर 'सगळा इतिहास' म्हणजे ते एकमेव कमिट होते.

यावर सेवा पुरवणाऱ्यांकडे विचारणा केली, तेव्हा बरीच वाट पाहायला लावून त्यांनी खोली, म्हणजे मागची किती कमिट आणायची तो आकडा, पन्नास करण्याचा सल्ला दिला. हा सल्ला कोणी दिला तर घेऊ नका. लहान आवृत्त्यांना पन्नास पुरले. मार्चअखेरच्या मोठ्या आवृत्तीत मागचा टॅग पुन्हा त्या मर्यादेपलीकडे गेला आणि यादी पुन्हा अर्धवट आली. खोली शून्य ठेवावी, म्हणजे पूर्ण इतिहास टॅगांसह येतो. जिथे ती सोय नसेल तिथे 'गिट फेच' ही आज्ञा 'अनशॅलो' आणि 'टॅग्ज' या पर्यायांसह चालवावी. आमच्या रिपॉझिटरीच्या आकाराला त्यामुळे वाढलेला वेळ काही सेकंदांचा आहे. शिवाय प्रत अपुरी आहे का, हे 'गिट रेव्ह-पार्स'ला 'इज-शॅलो-रिपॉझिटरी' असा पर्याय देऊन थेट विचारता येते. उत्तर 'ट्रू' आले की आमचा बिल्ड आता तिथेच थांबतो. माझ्या मते ही एक तपासणी बाकी साऱ्या सजावटीपेक्षा मोलाची आहे.

इतिहास पूर्ण आला तेव्हा दुसरी गाठ दिसली: नव्या यादीत आधीच्या आवृत्तीतले बदल पुन्हा येऊ लागले. मागचा टॅग शोधणारी 'गिट डिस्क्राइब' ही आज्ञा मुळात फक्त टिपणीसह केलेले टॅग विचारात घेते, आणि आमच्याकडे काही टॅग साधे होते. 'टॅग्ज' हा पर्याय जोडल्यावर तेही धरले गेले. बिल्ड टॅगवरूनच सुरू होत असेल तर शोध 'हेड'पासून (आताच्या कमिटपासून) न करता त्याच्या आधीच्या कमिटपासून करावा, नाहीतर आताचाच टॅग 'मागचा' म्हणून सापडतो आणि यादी रिकामी येते.

मघाशी सांगायचे राहिले: कमिट संदेशांची तपासणी केवळ प्रत्येकाच्या संगणकावरील हुकवर (कमिट करताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टवर) सोडू नये, कारण रिपॉझिटरी क्लोन केली म्हणून हुक सोबत येत नाही. स्क्वॅश करून मर्ज करीत असाल (अनेक कमिटचे एकच करून मुख्य कोडमध्ये मिसळत असाल) तर पुल रिक्वेस्टचे (बदल मिसळण्याच्या विनंतीचे) शीर्षकच सर्व्हरवर तपासावे. बहुधा तेच पुढे यादीत उतरते.

प्ले स्टोअरसाठी मात्र आपोआप निघालेली यादी आम्ही तशीच पाठवत नाही. तिथे प्रत्येक भाषेसाठी पाचशे अक्षरचिन्हांची मर्यादा आहे, आणि युनिकोडमध्ये मात्रा, अनुस्वार व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे असल्यामुळे मराठी आणि कन्नड मजकूर दिसतो त्यापेक्षा लवकर ती मर्यादा गाठतो. यंत्राने काढलेल्या यादीतून सुपरवायझरच्या कामाच्या तीन-चार ओळी मी मराठीत लिहितो आणि माझा सहकारी त्या कन्नडमध्ये लिहितो. ॲप स्टोअरवर चढवणाऱ्या फास्टलेन या साधनाच्या फोल्डरमध्ये दोन्ही भाषांच्या फाइली व्हर्जन कोडच्या (आवृत्तीच्या क्रमांकाच्या) नावाने ठेवलेल्या असतात. त्यांपैकी एक जरी नसली तरी बिल्ड पुढे जात नाही. परवा कन्नड फाइल राहिली म्हणून तो थांबला, आणि लाल खूण पाहून मला चक्क बरे वाटले.