आमची वाटचाल : नाना पेठेतून आजऱ्यापर्यंत

तो फोटो आमच्या गॅरेजात नाही. आमच्यापासून चार गल्ल्या सोडून दुसरं एक गॅरेज आहे, तिथे गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या सोफ्याच्या बरोबर वर तो चौकटीत लावलाय. फोटोत आमचे जुने गिऱ्हाईक असलेल्या डॉक्टरांची 1930 ची फोर्ड मॉडेल ए आहे, पुणे ते गोवा रॅली जिथे संपली तिथे उभी, रेडिएटरवर झेंडूचा हार. बॉनेटवर हात ठेवून त्या गॅरेजचे मालक उभे आहेत. मी नाही. मी त्या वेळी आजऱ्यात होतो. मुलाने सांगितलं होतं, 'बाबा, गॅरेजची वाटचाल लिहून द्या, दोन पानं पुरेत.' वाटचाल ओघात येईलच. मला आधी आजऱ्याचं सांगायचंय, पण ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

मी शिकलो नाना पेठेत. उस्तादांनी पहिलं वर्षभर पाने पुसण्याशिवाय दुसरं काम दिलं नाही. कुठला पाना कुठल्या नटाचा हे हाताला कळेपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही, असा त्यांचा कायदा. तेव्हा राग यायचा. आज माझ्याकडची पोरं मोबाईलवर बघून इंजिन उघडतात आणि फोर्डच्या अमेरिकन नटाला मॉरिसचा व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचा, पाना लावून नटाचे कान गोल करून ठेवतात, तेव्हा उस्ताद आठवतात.

पुढे अण्णा आणि मी मिळून भवानी पेठेत लाकडाच्या वखारीमागे एक पत्र्याची शेड घेतली. अण्णा भोसरीला एका कारखान्यात टर्नर होते, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. गुरुवारी कारखान्याला सुट्टी, म्हणून आमचं गॅरेज गुरुवारी सगळ्यात जोरात. रोजचं काम फियाट, पद्मिनी आणि अँबॅसॅडरचं. जुन्या गाड्या मागाहून आल्या, आणि त्या आल्या अण्णांच्या व्हाईट मेटलमुळे.

आज बेअरिंग म्हणजे डबीतून काढायचं आणि बसवायचं. मॉडेल ए मध्ये तसं नाही. तिथे व्हाईट मेटलचा, म्हणजे कथील, अँटिमनी आणि तांब्याचा, रस सरळ ब्लॉकमध्ये ओततात आणि मग तो क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, मापाला बोअर करतात. अण्णा थर्मामीटर वापरत नसत. वखारीतून देवदारची ढलपी आणायची, रसात बुडवायची. करपली तर ओत, पेटली तर थांब. मग बोअरिंग बार. हा बार अण्णांनी स्वतः बनवला होता, दोन पावसाळे घालून, कारखान्यातल्या भंगार शाफ्टमधून. तीन ठिकाणी बुश, मध्ये एवढंसं टूल, शेवटाला हँडल. बोअर झालं की क्रँकला खुणेचा निळा रंग लावून बसवायचा, फिरवून काढायचा, जिथे निळं लागलं तिथे स्क्रेपरने एक केसभर खरवडायचं. पुन्हा निळं, पुन्हा खरवड. एका इंजिनाला आठवडा जायचा. घाई असलेल्या माणसाने जुनी गाडी घेऊच नये. तशी हौस असेल तर स्कूटर घ्यावी.

डॉक्टर आमच्याकडे आले ते टेम्पोमागे फोर्ड बांधून. सासवडजवळच्या एका वाड्यातून आणली होती, मागच्या सीटवर कांदे पसरलेले. अण्णांनी हँडल फिरवून बघितलं, कान लावला आणि म्हणाले, 'डॉक्टर, पेशंट जिवंत आहे. पण बिल तुमच्यासारखंच येईल.' डॉक्टर हसले आणि तेव्हापासून आमचे झाले. जुन्या बाजारात रविवारी सकाळी सातला आम्ही तिघं असायचो. बुधवारीही बाजार भरतो, पण तेव्हा डॉक्टरांचा दवाखाना. तिथे आम्हाला एकदा झेनिथचा कार्बुरेटर सापडला, डुक्कर फियाटच्या दरवाजाच्या कड्या तर पोत्याने.

नंतरची दहा-बारा वर्षं चांगली गेली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आता फोटोतले मालक. ते सोळा वर्षांचे असताना आमच्याकडे आले, चहा आणायला. हात चांगला होता, हे मी नाकारत नाही. अण्णांनी त्यांना व्हाईट मेटल शिकवलं, मला शिकवलं त्याहून जास्त मन लावून. एके दिवशी त्यांनी स्वतःचं गॅरेज काढलं. काढावं, त्यात काय. जाताना बोअरिंग बार 'दोन दिवसांसाठी' नेला. त्या दोन दिवसांना आता अठरा वर्षं होतील. अण्णा मागायला गेले तर उत्तर मिळालं, 'अण्णा, तुमचे हात आता थरथरतात, तुम्हाला कशाला?' अण्णा परत आले, बाकावर बसले, आणि त्या दिवशी चहा घेतला नाही.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. सहा महिन्यांत शहरात बोलणं सुरू झालं की आम्ही गाड्यांचे मूळ सुटे भाग काढून ठेवतो आणि नकली लावतो. जुन्या गाड्यांच्या धंद्यात याच्याइतकं वाईट काही नाही. 'मूळ' या एका शब्दावर गाडीची किंमत ठरते. एक मॉरिस एट गेली, मग एक शेव्हर्ले गेली, शेडमध्ये नऊ गाड्या असायच्या त्या दोनवर आल्या. कोण बोललं ते मी लिहीत नाही, पुरावा नाही. पण गेलेल्या गाड्या कुठे दिसायला लागल्या ते अख्ख्या पेठेला माहीत आहे. पोरांचे पगार द्यायला मी लेथ विकला. अण्णा तेव्हा गावी गेले होते, त्यांना कळवलं नाही. पुढच्या दिवाळीत अण्णा गेले. लेथ विकल्याचं त्यांना कळलं होतं का, हे मला आजही माहीत नाही.

त्या दोन गाड्यांतली एक डॉक्टरांची फोर्ड. डॉक्टरांनी एकदाही विचारलं नाही की लोक असं का म्हणतात. फक्त एक दिवस आले आणि पुढच्या वर्षाच्या कामाचे पैसे आगाऊ ठेवून गेले. पावती मागितली. 'उधारी नाही, हिशेब आहे,' म्हणाले. त्या पैशांवर शेडचं भाडं निघालं.

मग रॅली आली. पहिला मुक्काम कोल्हापूर, दुसऱ्या दिवशी आजरा, आंबोली, सावंतवाडी करत गोवा. सर्व्हिसचं काम आयोजकांनी त्या दुसऱ्या गॅरेजला दिलं होतं. त्यांच्या व्हॅनला रॅलीची पट्टी, पोरांना एकसारखे शर्ट, पाठीवर नाव. डॉक्टरांनी मला सोबत घ्यायचं ठरवलं, पण पट्टी नाही म्हणून ताफ्यात जागा नाही. मी माझ्या पद्मिनीतून, हेल्परला घेऊन, ताफ्याच्या मागे पाव मैल ठेवून निघालो. वरातीमागून घोडं.

खंबाटकीच्या चढावर फोर्ड मिसिंग मारायला लागली आणि बंद पडली. मी पोचेपर्यंत शर्टवाले हजर. मालकांनी निदान केलं : पेट्रोल लॉक. ओली फडकी मागवली, पाइपला गुंडाळली. आता ज्यांना माहीत आहे त्यांना हसू येईल. पेट्रोल तापून वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही, तेव्हा लॉक होतो. मॉडेल ए ला पंपच नाही! टाकी काचेच्या पुढे, दोन्ही पायांच्या वर, तिथून पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरतं. मी तसं म्हणालो. उत्तर आलं, 'काका, तुम्ही ताफ्यात नाही आहात.' अर्ध्या तासात गाडी थंड झाली आणि चालू झाली. टाळ्या वाजल्या. श्रेय फडक्यांना.

कराडच्या अलीकडे पुन्हा तेच. पुन्हा फडकी. कोल्हापूरला रात्री मी डॉक्टरांना म्हणालो, हा कंडेन्सर आहे, म्हणजे प्लगला जोरदार ठिणगी मिळावी म्हणून पॉइंटला जोडलेली छोटी डबी; तापला की आतून तुटतो, गार झाला की जुळतो. फोर्डचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा भाग, बसतो हेडच्या डोक्यावर आणि कंडेन्सर त्याच्या पोटात, म्हणजे तव्यावर ठेवल्यासारखा. माझ्या डब्यात नवा होता, तो तिथेच रात्री घातला. चूक माझी, लिहूनच टाकतो. डबीवर नाव चकचकीत होतं, आत काय होतं देव जाणे. नवा आहे म्हणून चांगला आहे, असं कंडेन्सरच्या बाबतीत कधीही धरू नका. वीस वर्षं चाललेला जुना हा नव्यापेक्षा बरा.

आजरा सोडून पाच-सहा किलोमीटर गेलो आणि गाडी थांबली ती थांबलीच. गार झाली तरी हूं नाही की चूं नाही. सर्व्हिसची व्हॅन पुढे आंबोलीला गेलेली, फोनला रेंज नाही. मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, इग्निशन चालू ठेवून पेचकसने पॉइंट, म्हणजे आतला वीज तोडणारा-जोडणारा खटका, उघडला-मिटवला. पॉइंटवर जाड निळी ठिणगी, आणि प्लगला पिवळी, मरतुकडी. याच्यापुढे निदान करायला काही उरत नाही. डब्यात दुसरा कंडेन्सर नाही. हेल्परने माझ्याकडे बघितलं, मी पद्मिनीकडे बघितलं.

पद्मिनीचा कंडेन्सर काढायला दोन मिनिटं लागतात. फोर्ड सहा व्होल्टची, पद्मिनी बाराची. कॉईल चालली नसती, पण कंडेन्सरला त्याचं काही पडलेलं नसतं, आणि अर्थिंग प्लस असो की मायनस, त्याचंही नाही. आतला मेलेला काढून टाकला. पद्मिनीचा बाहेर ठेवला, हेडच्या उष्णतेपासून लांब, पट्टी एका खरवडून चकचकीत केलेल्या बोल्टखाली दाबली, वायर पॉइंटच्या लाइनीला. करपलेले पॉइंट कानशीने साफ केले, फट वीस थाऊ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश. ठिणगी उशिरा पडावी म्हणून डॉक्टरांनी स्पार्कची दांडी वर केली, मी हँडल मारलं. (हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीसारखा वळवायचा नाही, आणि स्पार्क मागे घेतल्याची स्वतः खात्री करायची. उलटा झटका बसला तर मनगट जातं. हे मी प्रत्येकाला सांगतो, कोणी ऐकत नाही.) दुसऱ्या फेऱ्याला गाडी लागली.

डॉक्टर थांबायला तयार होते. मी म्हणालो, बंद करू नका, निघा. वेळेत पोचला नाहीत तर रॅलीतून बाद. ते गेले. आम्ही दोघं आणि पद्मिनी रस्त्याच्या कडेला.

मग एसटीने आजऱ्यात परत. दुपारी दुकान बंद ठेवणं ही फक्त पुण्याचीच मिरासदारी आहे असं मला वाटायचं. तसं नाही. चार वाजेपर्यंत खानावळीत बसलो, घनसाळचा भात खाल्ला, पाच किलो तांदूळही घेतला. मग एका स्कूटरवाल्याने बजाजचा जुना कंडेन्सर शोधून दिला, पैसे घेईना. पद्मिनी चालू झाली तेव्हा अंधार पडला होता. तिकडे गोव्यात त्याच वेळी फोटो निघत होता. डॉक्टर म्हणे सांगत होते की गाडी कोणी नीट केली, पण बँड वाजत होता.

त्यानंतर गिऱ्हाइकं परत आली, एकेक करून. कशी आली ते मला नक्की सांगता येणार नाही. डॉक्टर त्यांच्या पेशंटशी बोलत असावेत. 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नवे नियम आले, वीस हजार भरून 'व्हीए'ची नंबरप्लेट मिळायला लागली, तेव्हा वाड्यांतून आणि गोडाऊनमधून आणखी गाड्या बाहेर पडल्या. आता शेडमध्ये अकरा आहेत. इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या पंपांचे रबरी पडदे फुगून येतात, त्याचंही काम बरंच आहे. लेथ नवा घेतला. बोअरिंग बार मात्र मुलाने भोसरीतून करून आणला. सरळ आहे, मापात आहे, पण अण्णांच्या बारला हँडलजवळ त्यांच्या अंगठ्याची खाच पडली होती.

गेल्या वर्षी फोर्ड एका प्रदर्शनात गेली. परीक्षकांनी बॉनेट उघडलं आणि बाहेर लावलेल्या कंडेन्सरसाठी गुण कापले, मूळ नाही म्हणून. मी डॉक्टरांना दोनदा म्हणालो, आता चांगला मिळतोय, आत घालून टाकू. डॉक्टर म्हणाले, 'तुमच्या पद्मिनीला परत हवा असेल तर सांगा, तेव्हा काढू.'

पद्मिनीला अजून त्या बजाजचाच आहे.