समुद्रावर जायचं की नदीवर?

फ्लोरिडात तंबूत राहायची मजा थंडीतच. उन्हाळ्यात रोज दुपारी कोसळणारा पाऊस, घामाच्या धारा आणि धड दिसतही नाहीत अशी चावरी चिलटं. म्हणून टँपा भागातल्या आमच्या मराठी मंडळाचा कॅम्प जानेवारीत असतो, मार्टिन ल्यूथर किंग जयंतीच्या सोमवारची सुट्टी जोडून. संक्रांत तिथेच कुठेतरी आगेमागे येते, त्यामुळे तंबूंच्या पिशव्यांबरोबर तिळाच्या लाडवांचे डबेही गाडीत चढतात.

जागेवरून दरवर्षी वाद. मुलांना फोर्ट डी सोटो हवं असायचं. पिनेलास काउंटीचं हे पार्क टँपा बेच्या तोंडाशी, पाच बेटं जोडून झालेलं. पाण्याच्या अगदी काठाला तंबू लावता येतो. स्पॅनिश-अमेरिकन युद्धाच्या सुमारास बांधलेल्या किल्ल्यात बारा इंची तोंडाच्या चार तोफा अजून आहेत, आणि त्या कधीच कुठल्या लढाईत डागल्या गेल्या नाहीत हे कळलं की पोरं दरवेळी हिरमुसायची. लांबवर एग्मॉन्ट कीचा १८५८ सालचा दीपस्तंभ दिसतो. आमच्यातल्या रत्नागिरी-मालवणकडच्या मंडळींना मात्र ओढ संध्याकाळची. अटलांटिकच्या बाजूला सूर्य समुद्रातून वर येतो. इथे तो गावासारखा समुद्रात बुडतो. त्या वेळी चहाचं आधण बंद करून सगळे नॉर्थ बीचवर हजर.

तिथे रकूनांचा फार उपद्रव. कुलूप नसलेला डबा ते हातांनी उघडतात. एका वर्षी चकल्यांचा अख्खा डबा रातोरात फस्त झाला आणि सकाळी वाळूत फक्त पावलं उरली.

मी स्वतः मायाकाच्या बाजूची. सारासोटाजवळचं मायाका रिव्हर स्टेट पार्क. १९३०च्या दशकातल्या मंदीत सरकारने बेकार तरुणांना हाताशी धरून ज्या उद्यानांची कामं काढली, त्यांतलं हे एक. त्या पोरांनी कॅबेज पामच्या खोडांपासून बांधलेल्या केबिन आजही उभ्या आहेत. ओकच्या फांद्यांवरून करड्या शेवाळाच्या जटा लोंबतात, आणि झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा एक झुलता पूल आहे, जमिनीपासून पंचवीस फुटांवर. २००० साली तो झाला. पलीकडचा मनोरा चढून गेलं की ओकांच्या माथ्यावरून दूरवरची माळरानं दिसतात. नदीकाठी ॲलिगेटर जातीच्या मगरी उन्हाला पडलेल्या असतात. रात्री नदीवरच्या पुलावरून बॅटरी मारली की पाण्यात लाल डोळे चमकतात. त्या पुलावर नेहमी धिंगाणा घालणारी पोरं आपोआप कुजबुजायला लागायची.

आणि मायाकाच्या थंडीत पोपटी होते, म्हणजे मडक्यात शेंगा घालून जाळावर भाजायची ती रायगडची पोपटी! उत्तरेकडून गार वारा आला की रात्री स्वेटरवर शाल घ्यावी लागते. आमच्यातले अलिबागचे एक काका रायगडची आठवण काढून हळहळायचे, मग एका वर्षी त्यांनी बिडाचं जाड झाकणाचं भांडं आणलं. मडकं नाही, भांबुर्ड्याचा पाला नाही. वालाऐवजी इंडियन ग्रोसरीतली फ्रोझन पापडी, त्यात अंडी, बटाटे, रताळी, ओवा आणि भरपूर जाडं मीठ, वरखाली कोबीची पानं. पार्कच्या लोखंडी कड्यातच जाळ करायचा, लाकूडही तिथलंच विकत घ्यायचं, कारण बाहेरच्या लाकडातून झाडांची कीड येते. भांबुर्ड्याचा वास नव्हता, पण झाकण उघडल्यावर काका काही वेळ बोललेच नाहीत. तेव्हापासून पोपटीशिवाय कॅम्प नाही.

गणपतीत आणि दिवाळीत आम्ही हॉलमध्ये भेटतो. तिथे स्टेज असतं, माइक असतो, आणि नेहमीचे चार-पाच जण बोलतात. कॅम्पमध्ये माइकच नाही. कार्यक्रमात शेवटच्या रांगेत बसणाऱ्या एक आजी शेकोटीपाशी ओव्या म्हणायला लागल्या तेव्हा कळलं की त्यांना शेकड्यांनी पाठ आहेत. नवीन आलेलं जोडपं एका रात्रीत कोणाचं तरी दादा-वहिनी होऊन जातं. मला मंडळ खरं तिथे भेटलं.

बोरन्हाणंही तिथेच झाली. हलव्याचे दागिने घातलेलं बाळ पिकनिकच्या मांडवाखाली मधोमध, डोक्यावरून चुरमुरे, गोळ्या आणि बोरांच्या जागी द्राक्षं. नंतर आयांपासून आजोबांपर्यंत सगळे वाकून एकेक चुरमुरा वेचायचे. जनावरांना माणसाच्या खाण्याची चटक लागू द्यायची नाही, हा तिथला नियम आहे आणि आम्ही तो मनापासून पाळतो.

या सगळ्यामागे बुकिंगचं काम. राज्याच्या पार्कांचं आरक्षण फ्लोरिडावासीयांना अकरा महिने आधी खुलं होतं आणि एका जागेवर जास्तीत जास्त आठ माणसं. शेजारशेजारच्या जागा हव्यात तर एकाच वेळी तीन-चार घरांतून लॅपटॉप उघडे लागतात. म्हणजे एक कॅम्प उरकला की महिन्याभरात पुढच्याची तयारी. काउंटीच्या पार्काचं काम पिनेलासच्या मंडळींकडे, कारण तिथल्या रहिवाशांना आधी संधी मिळते.

२०२४च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हेलेन आणि मिल्टन ही दोन वादळं पंधरा दिवसांच्या आत आली. फोर्ट डी सोटोची फार नासधूस झाली, पार्क बंद ठेवावं लागलं. तिथे लहानाची मोठी झालेली, आता कॉलेजात गेलेली मुलं ग्रुपवर सारखी विचारत होती, किनारा कसा आहे, झाडं राहिली का.

आता बुकिंगची यादी त्यांच्यातलीच एक मुलगी सांभाळते. तिचं बोरन्हाण मायाकाला झालं होतं, तरी ती समुद्राच्या पक्षाची. वाद अजून चालूच आहे.