पेन्सिलीने शोधलेला वारा

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बफेकी विमानं रात्रीच्या अंधारात बर्लिनपर्यंत वाट काढत कशी, हे कितीही वाचलं तरी मनात बसत नव्हतं. म्हणून कागद, पट्टी, कोनमापक घेऊन डेड रेकनिंग, म्हणजे वेग, दिशा आणि वेळ यांवरून स्थान काढणं, स्वतःच करायला बसलो.

मुळात तीन रेघांचा त्रिकोण. एका बाणाची रेघ म्हणजे विमानाचं नाक जिकडे आहे ती दिशा आणि हवेतला वेग. दोन बाणांची म्हणजे जमिनीवरून खरोखर कापलेली वाट. तीन बाणांची रेघ वाऱ्याची. दोन ठाऊक असल्या की तिसरी मिळते. सात जणांच्या क्रूमध्ये हे काम नॅव्हिगेटरचं. उजेड बाहेर जाऊ नये म्हणून तो पडद्याआड, छोट्या दिव्याखाली बसायचा. बरेचजण दर सहा मिनिटांनी स्थान काढत. सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, हिशेब झटपट होतो.

मी वेग ताशी ३६० किलोमीटर धरला, दिशा पूर्व. उत्तरेचा वारा ताशी ८० असेल असं मानून दिशा ठरवली, मग वारा प्रत्यक्षात १६० निघाला असं धरलं. अर्ध्या तासात विमान ४० किलोमीटर दक्षिणेला सरकलं! खाली ढग असतील तर कुणाला पत्ताही लागणार नाही. १९४२ पासून ‘गी’ हे रेडिओ साधन हाताशी होतं, पण जर्मन जॅमिंगमुळे, म्हणजे रेडिओ लहरींत मुद्दाम केलेल्या गोंधळामुळे, शत्रूच्या मुलखावर ते कुचकामी ठरे.

वारा शोधायची रीत मला फार आवडली. वारा नसता तर विमान कुठे असतं तो बिंदू काढायचा, रडारवर किनारा ओळखून खरं स्थान काढायचं आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत रेघ ओढायची. तेवढ्या वेळातला वारा तोच.

२४ मार्च १९४४ च्या रात्री बर्लिनच्या वाटेवर निवडक नॅव्हिगेटरांनी असाच वारा काढला. तो ताशी १६० किलोमीटरच्याही वर निघाला. इतका वारा असेलच कसा, असं वाटून काहींनी आकडा कमी करून कळवला. मुख्यालयाने तो आणखी उतरवला आणि सगळ्या विमानांना तोच परत पाठवला. मला इथे त्यांना दोष देववत नाही. एवढी लांब रेघ माझ्या कागदावर आली तेव्हा मीही ती पुन्हा मोजली होती.

विमानं दक्षिणेला वाहत गेली. बॉम्ब बर्लिनबाहेरच्या शंभरावर गावांत विखुरले. परतताना कित्येक विमानं रूर या जर्मन औद्योगिक पट्ट्यातल्या विमानविरोधी तोफांवर गेली. ८११ पैकी ७२ विमानं परतली नाहीत. सहा रात्रींनी न्यूरेंबर्गच्या वाटेवरही वाऱ्याचा अंदाज चुकला, आणि त्या चांदण्या रात्री ९५ विमानं गेली.