पुरण दोनदा वाटलंय

आईची पुरणपोळी अगदी काठापर्यंत भरलेली. कुणी वाखाणली की म्हणते, "कसलं काय, आज जरा बिघडलीच." डोळे मात्र समोरच्याच्या ताटावर! एकदा काकूने कडा टाकल्या, तर दोन दिवस अबोला.

गीतेच्या 16व्या अध्यायात दंभ, दर्प यांच्या रांगेत अभिमानही आसुरी संपत्तीत, म्हणजे राक्षसी गुणांत बसवलाय. आणि आपण मुलांचा निकाल लागला की बिनदिक्कत म्हणतो, "अभिमान वाटतो तुझा." गर्व बिचारा अजून वाईटच, त्याचं घर कायम खाली. पण त्या यादीत पहिला नंबर दंभाचा, आणि आईचं ते "बिघडलीच" मला त्याच्याच शेजारचं वाटतं.

गेल्या होळीला म्हटलं, "आई, झक्कास झालीय, कबूल कर."

तव्यावरची उलटत पुटपुटली, "पुरण दोनदा वाटलंय मी."