माळ, वरण आणि बी-१२

आज आईला लातूरला दवाखान्यात नेलं. महिनाभर तळपायाला मुंग्या येत होत्या. रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघालं. बाकावरचे एक काका म्हणाले, "अंडी खाऊ घाला, त्याशिवाय ताकद नाही." आईचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला.

डॉक्टरांनी नीट समजावलं. प्रथिनांसाठी मांसच लागतं असं नाही. १०० ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि ज्वारीत कमी असलेलं लायसिन, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, वरण भरून काढतं. पण बी-१२ डाळीत नसतंच. ते दूध-दह्यातून किंवा औषधातून घ्यावं लागतं. इंजेक्शनं सुरू केली.

घरी दोन म्हशी. दूध सगळं डेअरीला, आई कोरा चहा पिते. इतकी वर्षं मला दिसलं कसं नाही? उद्यापासून एक लिटर घरीच राहील.