एका धावेची आघाडी: बीकेसी, गहुंजे, जामठा

राज्य एक, पण रणजी करंडकात, म्हणजे देशांतर्गत क्रिकेटच्या मुख्य स्पर्धेत, त्याचे संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. दिल्लीकडच्या सहकाऱ्यांना हे समजावता समजावता दरवेळी चहा गार होतो. मुंबईकडे ४२ विजेतेपदं. महाराष्ट्राकडे दोन, तीही १९३९-४० आणि १९४०-४१ ची, प्रा. दि. ब. देवधरांच्या कप्तानीतली. विदर्भाने तर २०१७-१८ पर्यंत अंतिम सामन्याचं तोंडही पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते लागोपाठ दोन वर्षं करंडक उचलूनच. २०२४-२५ च्या हंगामात मी ठरवलं, एका रात्रीच्या प्रवासात जे मैदान गाठता येईल तिथलं रणजी प्रत्यक्ष बघायचं. टीव्हीवर दिसतो तो स्कोअर. मैदानावर बसलं की दुपारी दोनचा सुस्तावलेला खेळही दिसतो, आणि मला तोच जास्त आवडतो.

या हंगामाचे दोन तुकडे होते. पहिल्या पाच फेऱ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मग टी-ट्वेंटी आणि एकदिवसीय स्पर्धांसाठी सुट्टी, आणि उरलेल्या दोन फेऱ्या २३ जानेवारीपासून. मधल्या काळात भारत ऑस्ट्रेलियात १-३ ने हरून आला होता. घरचं क्रिकेट खेळा, असा वरून आदेश निघाला आणि बीकेसीच्या शरद पवार अकादमीच्या मैदानावर एकदम लग्नाचं वऱ्हाड उतरल्यासारखी गर्दी झाली.

कुर्ल्याहून शेअर रिक्षा करून मी पोचलो तेव्हा रांग लागली होती. एरवी इथे मुंबईचा सामना बघायला खेळाडूंचे आईवडील, दोनचार निवृत्त काका आणि ऑफिसला दांडी मारलेले माझ्यासारखे. त्या दिवशी मात्र रोहित, यशस्वी, रहाणे, श्रेयस, शिवम दुबे, शार्दूल असा अख्खा भारतीय संघ वाटावा असा मुंबईचा संघ, आणि समोर जम्मू-काश्मीर. पुलवामाचा उंचापुरा उमर नझीर बॉल टाकत होता. रोहित १९ चेंडूंत ३ धावा करून गेला. त्याच्यासोबत गर्दीही निम्मी गेली, अगदी दहा मिनिटांत. मुंबई १२० वर आटोपली.

गेलेल्यांचं नुकसान झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या दिवशी शार्दूलने खालच्या क्रमांकावर येऊन शतक ठोकलं. पहिल्या डावातल्या ५१ वर या ११९. एवढं करूनही जम्मू-काश्मीरला २०५ च हव्या होत्या आणि तिसऱ्या दिवशी पाच गडी राखून त्यांनी त्या केल्या. २०१४ मध्ये वानखेडेवर त्यांनी मुंबईला हरवलं होतं, तेव्हा लोक ‘अपघात’ म्हणाले होते. आता काय म्हणणार?

पुढच्या सामन्यात मुंबईने मेघालयाला एक डाव आणि ४५६ धावांनी चिरडलं आणि बाद फेरी गाठली. महाराष्ट्राने त्याच सुमारास नाशिकला बडोद्याला ४३९ धावांनी हरवलं, पण तिथे माझं जाणं जमलं नाही, आणि महाराष्ट्राचा संघ पुढेही गेला नाही. ते दुःख पुणेकर मावशीच्या घरी पुरेसं ऐकून झालं.

मावशीकडे चिंचवडला मी गेलो होतो तोही रणजीसाठीच, फक्त महाराष्ट्राच्या नव्हे. बाद फेरीतले काही सामने त्रयस्थ ठिकाणी होतात. केरळ आणि जम्मू-काश्मीर यांची उपांत्यपूर्व फेरी पुण्याजवळ गहुंजेला होती, म्हणजे दोघांच्याही घरापासून लांब. सकाळी लोणावळा लोकल पकडून बेगडेवाडीला उतरायचं आणि तिथून पुढे रिक्षा मिळाली तर रिक्षा, नाहीतर पायी. एक्स्प्रेस वेवरून जाताना डावीकडे-उजवीकडे मान वळवून आपण जे स्टेडियम बघतो, ते आतून सामन्याच्या दिवशी इतकं रिकामं असतं की यष्टिरक्षकाची बडबड वरच्या रांगेत ऐकू येते. आदल्या दिवशी, रविवारी, केरळ २८० च्या उत्तरात ९ बाद २०० वर थांबलं होतं. सोमवारी सकाळी हा डाव अर्ध्या तासात संपेल या हिशेबाने कोणी येणार नाही, हे उघड होतं. तरी एका कोपऱ्यात हिंजवडीत नोकरी करणारी पाचसहा मल्याळी पोरं बसली होती. त्यांनी मला शेंगदाणे दिले.

इथे रणजीचं व्याकरण सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं निरर्थक वाटेल. साखळी सामन्यात निर्विवाद विजयाला सहा गुण. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याची आघाडी त्याला तीन, दुसऱ्याला एक. बाद फेरीत पाच दिवसांत निकाल लागला नाही, तर पहिल्या डावात जो पुढे, तो पुढच्या फेरीत. त्यामुळे रणजीचे जुने प्रेक्षक ‘कोण जिंकतंय’ असं विचारतच नाहीत. ‘लीड कोणाची?’ हाच प्रश्न.

केरळची शेवटची जोडी: सलमान निझार आणि अकरा नंबरचा बेसिल थम्पी. सलमान जवळजवळ प्रत्येक षटकाच्या शेवटी एक धाव काढून स्ट्राइक स्वतःकडे घेत होता. क्षेत्ररक्षक पहिले चार चेंडू सीमेवर, शेवटचे दोन चेंडू जवळ. मधेच एखादा षटकार. २२०, २४०, २६०. मल्याळी पोरांचं बोलणं बंद झालं होतं. ८१ धावांची भागीदारी, त्यात थम्पीच्या १५. २८० ओलांडून केरळ २८१ वर सर्वबाद झालं. एका धावेची आघाडी! सलमान नाबाद ११२.

बुधवारी, शेवटच्या दिवशी, केरळला जिंकायला ३९९ हव्या होत्या. त्या काढायचा प्रश्नच नव्हता, फक्त बाद व्हायचं नव्हतं. सलमानने १६२ चेंडूंत ४४ केल्या, अझरुद्दीनने ११८ चेंडूंत ६७, दोघेही नाबाद. तो दिवस मी मोबाइलवर पाहिला, ऑफिसात, मांडीवर लपवून. सामना अनिर्णित, केरळ उपांत्य फेरीत. जम्मू-काश्मीरने त्या सामन्यात दुसऱ्या डावात ३९९ केल्या होत्या आणि तरी ते एका धावेने घरी गेले.

मग नागपूर. दुरांतो रात्री सीएसएमटीहून सुटते आणि सकाळी सकाळी नागपुरात सोडते. १९ फेब्रुवारीची शिवजयंतीची सुट्टी, तिला जोडून दोन रजा. स्टेशनबाहेर तर्री पोहे खाल्ले. मुंबईच्या माणसाने तर्री ‘थोडी’ म्हणून मागू नये, तिथे ती थोडी मिळत नाही. मेट्रोने खापरीपर्यंत आणि तिथून वर्धा रोडने जामठा. स्टेडियम अवाढव्य, आसपास माळ, आणि फेब्रुवारीतच असं ऊन की सावलीच्या रांगा दहा वाजता भरतात. प्रवेश फुकट.

मुंबई विरुद्ध विदर्भ. आदल्या वर्षी याच दोघांची अंतिम लढत वानखेडेवर झाली होती आणि मुंबईने ४२ वा करंडक तिथेच घेतला होता. माझ्या शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी आल्या आल्या विचारलं, “मुंबईचे का?” मी हो म्हणालो. “मग काल काहून नाही आले?” आदल्या दिवशी विदर्भाच्या पार्थ रेखडेने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे असे तिघे उडवले होते. काकांनी ते षटक मला चेंडूगणिक ऐकवलं, हातवाऱ्यांसकट. पुढच्या दिवसांत आणखी तिघांनी ऐकवलं.

विदर्भाचा हा संघ बघताना मला जाणवलं ते हे, की त्यांना घाई नाही. यश राठोडने दुसऱ्या डावात १५१ केल्या, त्याही ४ बाद ५६ अशी पडझड झाल्यावर, कप्तान अक्षय वाडकरला सोबत घेऊन. एकेक धाव, एकेक षटक. मुंबईचे गोलंदाज थकत चाललेले दिसत होते आणि आमच्या रांगेतले मुंबईकरही. त्या हंगामात राठोडच्या ९६० धावा झाल्या, सगळ्यांहून जास्त, आणि मुंबईत त्याचं नाव विचारलं तर दहातले नऊ जण ‘कोण?’ म्हणतील.

शुक्रवारी सकाळी जामठ्यात दोन सामने चालू होते. एक समोर, दुसरा मोबाइलवर. अहमदाबादला गुजरातचा शेवटचा गडी खेळत होता. केरळच्या ४५७, गुजरात ४५५. आघाडीला तीन धावा हव्यात. नागवासवालाने जोरात फटका मारला, चेंडू शॉर्ट लेगला उभ्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उंच उडाला आणि स्लिपमध्ये केरळचा कप्तान सचिन बेबीच्या हातात. क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटला लागून उडालेला झेल २०१७ पर्यंत नियमात बसत नव्हता. दोन धावांची आघाडी, आणि केरळ पहिल्यांदाच रणजीच्या अंतिम फेरीत. आमच्या स्टँडमध्ये मुंबईवाले आणि विदर्भवाले दोघेही एकदम ओरडले. मैदानावरच्या खेळाडूंनी वर बघितलं, आपण काय केलं म्हणून.

समोर मुंबईला ४०६ हव्या होत्या. शार्दूलने पुन्हा ६६ केल्या, शेवटच्या जोडीने मोहित अवस्थी आणि रॉयस्टन डायसने अर्धशतकी भागीदारी केली, विदर्भाच्या हर्ष दुबेने पाच बळी घेतले आणि विदर्भ ८० धावांनी जिंकला. काकांनी मला संत्रा बर्फीचा डबा दिला. “पुढच्या बुधवारी फायनल इथंच हाय. यायचं!”

गेलो, पण बुधवारी नाही. महाशिवरात्रीला सुरू झालेल्या सामन्यात मी तिसऱ्या दिवशी पोचलो. विदर्भाच्या दानिश मालेवारच्या १५३ धावा बघायच्या हुकल्या. विदर्भ ३ बाद २४ असताना त्याने करुण नायरबरोबर २१५ जोडल्या होत्या. विदर्भ ३७९. शुक्रवारी केरळची आघाडीची वाटचाल सुरू होती आणि ती कोणामुळे? आदित्य सरवटेमुळे. नागपूरचा पोरगा, विदर्भाच्या दोन्ही जुन्या करंडकांतला. याच जामठ्यावर २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात त्याने ११ बळी घेतले होते. आता केरळकडून ७९. तो बाद झाल्यावर प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या त्याच्यासाठी होत्या की विकेटसाठी, हे वाजवणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं. पलीकडे विदर्भाचा भरवशाचा खांब करुण नायर, मल्याळी घरातला, कर्नाटकातून इथे आलेला. रणजीत आता अशीच सरमिसळ असते.

सचिन बेबी ९८ वर होता. केरळ ६ बाद ३२४. मला वाटलं, एक धाव, दोन धावा करत करत हे लोक पुन्हा तेच करणार. आणि त्याने रेखडेला उंच उचललं. चेंडू हवेत असतानाच केरळच्या ड्रेसिंग रूममध्ये कोणीतरी डोक्याला हात लावला. झेल. पुढच्या १८ धावांत डाव संपला, ३४२. विदर्भाकडे ३७ ची आघाडी.

तिथे सामना संपला होता, फक्त दीड-दोन दिवस अजून खेळायचे होते. शनिवारी करुण ३१ वर असताना स्लिपमध्ये सुटला. मग तो १३५ पर्यंत गेला. शतकानंतर त्याने नऊ बोटं दाखवली, त्या मोसमातलं सगळ्या प्रकारांतलं नववं शतक म्हणून. २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्ध तिहेरी शतक करून गायब झालेला हा माणूस.

रविवारी, २ मार्चला, विदर्भ फलंदाजी करतच राहिला. डाव घोषित करायचं त्यांना काही कारण नव्हतं. नलकांडेचं अर्धशतक झालं, ९ बाद ३७५ वर कप्तानांनी हात मिळवले. करंडक विदर्भाचा, तिसऱ्यांदा. हर्ष दुबेच्या हंगामात ६९ विकेट, रणजीतला विक्रम.

ढोल वाजत होते. काका मात्र नाराज. “जिंकलो म्हणजे काय जिंकलो? ड्रॉ केला न!” मी म्हटलं, लीड तर घेतली ना. “तुमच्या मुंबईनं अशा किती घेतल्या, मोजा एकदा,” असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली. दुबईत दुपारी भारत-न्यूझीलंड होतं, त्यांना घरी पोचायचं होतं. केरळच्या बाजूला बसलेली पोरं अजून उठली नव्हती. ती पहिल्या डावाच्या धावफलकावर वाद घालत होती, त्या ३७ कुठे कुठे आल्या असत्या.